रोहस, रीच आणि ई-कचरा : ‘सर्टिफिकेट आहे’ एवढं पुरत नाही

पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, पण गोंधळ बहुतेकांचा एकच असतो: ‘सप्लायरने सर्टिफिकेट दिलंय, मग अडचण कुठे आहे?’ इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा युरोपीय संघाचा रोहस निर्देश, रसायनांची माहिती उघड करायला लावणारा तिथलाच रीच कायदा आणि आपल्याकडचे ई-कचरा नियम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा कागद दुसरीला चालत नाही. म्हणून या वेळी सगळं एकत्र घेतलं आहे. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

भोसरी : जर्मनीतला ग्राहक ‘रोहस सर्टिफिकेट’ मागतोय. ते कोणत्या सरकारी कार्यालयातून मिळतं?

कोणत्याही नाही. उत्पादक म्हणून तुम्ही स्वतः अनुरूपतेचं घोषणापत्र लिहायचं, त्यावर जबाबदार माणसाने सही करायची आणि मालावर सीई चिन्ह, म्हणजे माल युरोपचे नियम पाळतो ही उत्पादकाची खूण, लावायचं. घोषणापत्रामागे तांत्रिक फाइल हवी आणि माल बाजारात आल्यापासून ती १० वर्षं सांभाळावी लागते. फाइलमध्ये काय असावं हे ईएन आयईसी ६३००० या मानकात दिलं आहे. ‘तीन दिवसांत सरकारमान्य रोहस सर्टिफिकेट’ असं सांगणारा एजंट तुम्हाला शिक्का मारलेला कागद विकतो आहे. उद्या तिथल्या अधिकाऱ्याने फाइल मागितली तर हा एजंट उत्तर देणार नाही, तुम्हाला द्यावं लागेल. पहिलं घोषणापत्र मात्र या विषयातल्या जाणकाराकडून तपासून घ्या.

पिंपरी : सीई म्हणजे ‘चायना एक्सपोर्ट’ असं आमचे वितरक सांगतात. खरं आहे का?

नाही.

अंबड, नाशिक : शिशाची मर्यादा १००० पीपीएम (०.१ टक्का) आहे. आमचं पॅनेल ४० किलोचं, त्यात शिसं असून असून किती असणार? मग आम्ही आपोआप पास नाही का?

नाही. आणि हा समज ताबडतोब सोडा. मर्यादा पूर्ण पॅनेलच्या वजनावर मोजत नाहीत. यंत्राने आणखी वेगळा करता येणार नाही अशा प्रत्येक एकसंध पदार्थावर ती मोजतात. तुमच्या पॅनेलमधला एक पिवळा स्क्रू घ्या. आतलं पोलाद हा एक पदार्थ, त्यावरचा जस्ताचा थर दुसरा आणि वरचा पिवळ्या पॅसिव्हेशनचा (गंज रोखणाऱ्या रासायनिक प्रक्रियेचा) थर तिसरा. तो पिवळेपणा हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा असेल, तर स्क्रूचं वजन किंवा पॅनेलचं वजन पुढे करून उपयोग नाही. ट्रायव्हॅलंट क्रोमियममध्येही पिवळं पॅसिव्हेशन होतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही. प्लेटरला कोणतं रसायन वापरतो ते लेखी विचारा आणि एकदा लॅबमधून खात्री करून घ्या. शिसं, पारा, हेक्साव्हॅलंट क्रोमियम, पीबीबी, पीबीडीई (ही ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक रसायनं) आणि चार थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) यांना ०.१ टक्का ही मर्यादा आहे. कॅडमियमला ती ०.०१ टक्का, म्हणजे दहापट कडक आहे.

चाकण : आमच्या वायर हार्नेसची पीव्हीसी केबल स्थानिक कंपनीची आहे. तिचा लॅब रिपोर्ट आहे, सगळे आकडे ‘एनडी’ म्हणजे सापडलं नाही असे. आम्ही एक्सआरएफ गननेही (क्ष-किरणांनी तपासणाऱ्या हातातल्या यंत्राने) तपासली. तरी इटलीच्या ग्राहकाने माल थांबवला. असं का?

रिपोर्टची प्रत जोडलीत हे चांगलं केलंत. नमुन्याचं वर्णन म्हणून ‘ब्लॅक प्लॅस्टिक’ एवढेच दोन शब्द आहेत. फोटोत केबल नाहीच, कुठल्याशा कनेक्टरचं हाउसिंग आहे. नमुना लॅबमध्ये आल्याची तारीख २०१७ ची आहे. तक्त्यात सहाच पदार्थ आहेत. आणि तळाशी बारीक अक्षरात लॅबने स्वतःच लिहिलंय की निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते आहेत. तुमची केबल लाल आणि पिवळी आहे, २०१७ नंतर बनलेली आहे. या रिपोर्टचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

आता त्या सहा पदार्थांचं. १ जुलै २००६ ला रोहस लागू झाला तेव्हा यादी सहाचीच होती. पुढे डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी हे चार थॅलेट तिच्यात आले. २२ जुलै २०१९ पासून बहुतेक उपकरणांना आणि २२ जुलै २०२१ पासून वैद्यकीय उपकरणं व मोजमाप-नियंत्रणाच्या उपकरणांनाही ते लागू आहेत. इतकी वर्षं उलटली तरी सहा पदार्थांचे जुने रिपोर्ट बाजारात सर्रास फिरतात, त्यांच्यावर नवं लेटरहेड चढवलं जातं आणि परचेस विभाग ते डोळे झाकून फाइलला लावतो. याचा मला मनापासून संताप येतो, कारण मऊ पीव्हीसी ही नेमकी थॅलेटची जागा आहे. मुळात कडक असलेलं पीव्हीसी वळावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, आणि तो वजनाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत असू शकतो. म्हणजे इथे बाब किंचित भेसळीची नाही. प्लॅस्टिसायझर म्हणून डीईएचपी वापरलं असेल तर मर्यादा शेकडो पटींनी ओलांडली जाते.

‘आमच्यात डीईएचपी नाही, आम्ही डीओपी वापरतो’ असं केबलवाले छातीठोकपणे सांगतात. आपल्याकडच्या कंपाउंडच्या बाजारात डीओपी म्हणून जे विकलं जातं ते डीईएचपीच असतं. डीओटीपी हा वेगळा पदार्थ आहे, तो या यादीत नाही. फरक एका अक्षराचा असल्यामुळे तोंडी सांगण्यावर जाऊ नका. पदार्थाचा सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, लेखी मागा. ११७-८१-७ दिसला की ती केबल युरोपच्या मालातून बाजूला काढा.

एक्सआरएफ गन चांगलं साधन आहे, पण तिला फक्त मूलद्रव्यं दिसतात. थॅलेटमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच असतो, त्यामुळे गनसाठी तो नसल्यासारखाच. क्रोमियम ती एकूण दाखवते, त्यातलं हेक्साव्हॅलंट किती ते सांगू शकत नाही. ब्रोमीनही एकूणच दाखवते, ते पीबीबी-पीबीडीईचं की दुसऱ्या कशाचं हे तिला कळत नाही. शिसं आणि कॅडमियम पकडायला मात्र ती जरूर वापरा, विशेषतः तुमच्या लाल-पिवळ्या केबलवर. स्वस्त रंगद्रव्यांत हे दोन्ही सापडतात आणि टीबीएलएससारख्या शिसेयुक्त जुन्या स्टॅबिलायझरमधूनही शिसं येतं. थॅलेटसाठी आयईसी ६२३२१-८ पद्धतीनेच चाचणी करून घ्या.

थॅलेट प्लॅस्टिकला पक्का बांधलेला नसतो. मऊ केबल रबरी ग्रोमेटला महिनोन्‌महिने चिकटून राहिली तर तो ग्रोमेटमध्ये उतरतो आणि तुमचा निर्दोष भाग दोषी ठरतो. म्हणून युरोपचा आणि देशी बाजाराचा माल एकाच रॅकवर ठेवू नका.

लॅब रिपोर्ट किती दिवस चालतो, असंही तुम्ही विचारलंय. कायद्यात मुदत दिलेली नाही. पण कंपाउंडवाला भाव बघून फॉर्म्युला बदलतो, आणि बदलला की जुना रिपोर्ट रद्दी. त्यामुळे परचेस ऑर्डरमध्येच अट घाला की फॉर्म्युला बदलण्याआधी कळवलं पाहिजे. रिपोर्टवर तुमचा पार्ट नंबर, रंग आणि दहाही पदार्थ हवेत. थांबलेल्या मालाचं काय करायचं ते ग्राहकाचा आयातदार आणि तुमचा सल्लागार यांनी एकत्र बसून ठरवावं. माझ्या उत्तरावर विसंबून तो माल दुसऱ्या ग्राहकाकडे वळवू नका.

आणि ही केबल भंगारात गेली की कुणीतरी तांब्यासाठी ती उघड्यावर जाळतो. पीव्हीसीच्या त्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन असतात, शिशाचा स्टॅबिलायझर असेल तर राखेत शिसं राहतं. डीईएचपी प्रजननक्षमतेला घातक म्हणून वर्गीकृत आहे. मी रिपोर्टवरच्या तारखेसाठी हटून बसतो ते या माणसांसाठी.

सातारा : आमचे ब्रासचे टर्मिनल जामनगरहून येतात, शिसं ३ टक्क्यांच्या आसपास. रोहसमध्ये ४ टक्क्यांपर्यंत सूट आहे असं कळलं. तरी ग्राहक ‘रीच डिक्लरेशन’ मागतोय. सूट असताना पुन्हा कशाला?

सूट रोहसची आहे. तांब्याच्या मिश्रधातूतल्या शिशाला ४ टक्क्यांपर्यंत परवानगी देणारी ६(सी) ही नोंद तिथली. रीच वेगळं विचारतं: अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीतलं काही तुमच्या वस्तूत ०.१ टक्क्याहून जास्त आहे का, असेल तर सांगा. शिसं त्या यादीत जून २०१८ मध्ये आलं. म्हणजे तोच टर्मिनल विकायची मुभा आहे, पण त्यात शिसं आहे हे सांगणं बंधनकारक आहे. ०.१ टक्का टर्मिनलवर मोजायचा. पूर्ण यंत्रावर मोजून तो विरघळवून टाकण्याचा मार्ग युरोपीय संघाच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्येच बंद केला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रोहसच्या सवलतींना मुदत असते आणि त्यांचं नूतनीकरण होताना शब्द बदलतात, म्हणून घोषणापत्र काढण्याच्या दिवशी चालू असलेला मजकूरच पाहा. आणि रीचची यादी साधारण वर्षातून दोनदा वाढते, आता ती अडीचशेच्या आसपास आहे. मागच्या वर्षीचं ‘यादीतलं काही नाही’ हे पत्र या वर्षी चालेल असं धरू नका. तुमचा ग्राहक ही माहिती युरोपच्या स्किप डेटाबेसमध्ये (वस्तूंमधल्या अशा पदार्थांच्या नोंदवहीत) भरतो. तुम्ही उशीर केलात की त्याचं काम अडतं.

पुणे : लाइनवर बोर्ड लेड-फ्री सोल्डरने होतात. फायनल टेस्टिंगला फेल झालेल्या बोर्डाचे दोन-चार जॉइंट ऑपरेटर ६३/३७ वायरने टचअप करतो. एवढ्याने काय होतं?

बोर्ड नापास होतो. त्या वायरमध्ये ३७ टक्के शिसं आहे आणि प्रत्येक जॉइंट स्वतंत्रपणे मोजला जातो. ऑपरेटर असं का करतो तेही समजून घ्या: ६३/३७ वायर १८३ अंशाला वितळते, तुमचं लेड-फ्री एसएसी३०५ सोल्डर २१७ ते २२० अंशांना. जुन्या वायरने काम पटकन होतं आणि जॉइंट चकचकीत दिसतो. ओरडून हे थांबणार नाही. लेड-फ्रीसाठी वेगळी सोल्डरिंग आयर्न, वेगळे बिट, वेगळं टेबल द्या, आणि जुनी रिळं त्या खोलीतून बाहेर काढा. बिटावर उरलेलं जुनं सोल्डरही नव्या जॉइंटमध्ये उतरतं. आतापर्यंत गेलेल्या मालाबद्दल ग्राहकाला कळवायचं की नाही, हा कायदेशीर प्रश्न आहे. वकिलाला विचारा, आणि लवकर विचारा.

औरंगाबाद रोड, अहिल्यानगर : हॅलोजन-फ्री केबल घेतली की रोहसचा प्रश्न मिटतो ना?

नाही. हॅलोजनची (क्लोरीन, ब्रोमीन वगैरेंची) यादी वेगळी, रोहसची वेगळी.

ठाणे : शेन्झेनहून ब्लूटूथ स्पीकर आणून आमच्या ब्रँडने विकतो. आम्ही उत्पादक नाही, मग ई-कचरा नियम चीनच्या कंपनीला लागू नाहीत का?

तुम्हालाच लागू आहेत. २ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झालेले आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम आयात करणाऱ्याला आणि स्वतःच्या ब्रँडने विकणाऱ्यालाही ‘प्रोड्युसर’ धरतात. आधी तुमची वस्तू पहिल्या अनुसूचीच्या कोणत्या नोंदीत बसते ते पाहा, मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करा. सहा घातक पदार्थांच्या मर्यादा इथेही आहेत आणि त्यांच्या पूर्ततेची घोषणा घटकांच्या माहितीसह वापरपुस्तिकेत छापावी लागते. तुमच्या पुस्तिकेचा फोटो पाहिला. त्यात वॉरंटी आहे, ही घोषणा नाही.

पुनर्चक्रणाचं लक्ष्य २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी ७० टक्के आहे, २०२७-२८ पासून ८० टक्के. ते या वर्षीच्या विक्रीवर काढत नाहीत. वस्तूचं सरासरी आयुष्य जितकं, तितकी वर्षं मागे जाऊन तेव्हाच्या विक्रीवर काढतात. विक्री नुकतीच सुरू केलेल्यांचा हिशेब वेगळा असतो, तो सल्लागाराकडून करून घ्या. ‘सगळं आमच्यावर सोडा’ म्हणणाऱ्या एजंटाला पोर्टलचा पासवर्ड देऊन मोकळे होऊ नका. ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) प्रमाणपत्रं नोंदणीकृत रिसायकलरचीच हवीत आणि पोर्टलवर तुमच्या खात्यात दिसली पाहिजेत. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफला शून्य किंमत आहे.

इचलकरंजी : आमचा उद्योग सूक्ष्म आहे, उद्यम नोंदणी आहे. आम्हाला यातून सूट आहे असं सगळे म्हणतात.

‘सगळे’ अर्धंच सांगतात. भारतातल्या ई-कचरा नियमांतून सूक्ष्म उद्योग वगळले आहेत, हे खरं. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत. उलाढाल वाढली की सूट गेली. युरोपच्या रोहसमध्ये मात्र लहान उद्योगाला अशी सूट नाही, आणि तुमचे बोर्ड विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीला इथेही नाही. ती तुमच्याकडून माहिती मागणारच. तुम्ही कोणत्या बाजूला येता ते सीएकडून ताळेबंद दाखवून लेखी घ्या.

डोंबिवली : घरात सीएफएल फुटला. पारा असतो म्हणतात. काय करावं?

खिडक्या उघडा, पंखा-एसी बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं मुलांसह खोलीबाहेर राहा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक भुकटी चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरून अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. कुणाला त्रास वाटला तर डॉक्टरांकडे जा.

वेर्णा, गोवा : शुक्रवारी कन्साइनमेंट निघायची आहे. ग्राहकाने आजच रोहस आणि रीच दोन्ही डिक्लरेशन मागितली. आमच्या ११० पार्टपैकी निम्म्यांची माहिती सप्लायरांकडून यायची आहे. तुमच्याकडे एखादा नमुना मसुदा आहे का?

मसुदा आहे, पण या परिस्थितीत देणार नाही. निम्म्या भागांत काय आहे हे ठाऊक नसताना ‘पूर्तता आहे’ यावर सही करणं म्हणजे खोटं लिहून देणं आहे. ग्राहकाची मागणी आज आली असेल, पण त्याच्या पहिल्या ऑर्डरच्या अटींत ती होतीच. तुम्हीच पाठवलेल्या प्रतीत चौथ्या पानावर आहे.

आज एवढं करा. ग्राहकाला खरी स्थिती आणि नवी तारीख कळवा. बीओएममधून (मालातल्या भागांच्या यादीतून) पीव्हीसी केबल, स्लीव्ह, पिवळे स्क्रू, ब्रासचे भाग, रिले आणि बॅटरी आधी वेगळी काढा. धोका बहुधा इथेच असतो. बॅटरीला युरोपचा स्वतंत्र कायदा आहे, तिची माहिती वेगळी मागवा. चिप आणि रेझिस्टरच्या नामांकित उत्पादकांची घोषणापत्रं त्यांच्या संकेतस्थळावर पार्ट नंबरनुसार मिळतात, ती तासाभरात उतरतील. जो सप्लायर दोनदा विचारूनही उत्तर देत नाही, त्याचा भाग लॅबमध्ये पाठवा. आणि सही करणाऱ्या संचालकांना शुक्रवारच्या आधी सल्लागाराकडे घेऊन जा, एकट्या परचेस ऑफिसरला पाठवू नका.