पोलिस, डॉक्टर आणि समुपदेशकांना कौटुंबिक हिंसाचाराचं प्रशिक्षण एकत्र द्यावं की वेगवेगळं?

एकत्रच. तुम्ही पुढे विचारलंय की ते किती दिवसांचं असावं आणि सुरुवात कायद्यापासून करावी का. कायद्यापासून तर मुळीच करू नका. आपापली कलमं सगळ्यांना येतात, शेजारच्या खात्यात काय चालतं ते कुणालाच ठाऊक नसतं.

मी बरीच वर्षं अपघात विभागात सिस्टर होते. एक बाई पुन्हा पुन्हा यायची. एकदा आली ती बसलेला आवाज घेऊन. थुंकी गिळतानाही दुखत होतं, पण गळ्यावर वळ नव्हता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी घशाचं औषध लिहिलं. नवऱ्याला बाहेर थांबवून मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "त्यानं गळा दाबला." मी तिच्याच शब्दांत नोंद केली आणि ती नोंद आमच्या कपाटात पडून राहिली.

पुढे आमचं एकत्र प्रशिक्षण झालं, त्यात तिच्या परवानगीनं हे प्रकरण मांडलं. पोलिस म्हणाले, "खूण नव्हती, म्हणून किरकोळ मारहाण लिहिली." समुपदेशक बाईंनी तर नवरा-बायकोला शेजारी शेजारी बसवून समजूत घातली होती. ती घर सोडायच्या विचारात आहे हे तिनं त्यांना आधी एकटीनं सांगितलं होतं, आणि "गेलीस तर जिवंत ठेवणार नाही" ही त्याची धमकीही. गळा दाबणं आमच्याकडे, धमकी त्यांच्याकडे, आधीच्या तक्रारी पोलिसांकडे. हे सगळं एका टेबलावर आलं तेव्हा ते पोलिस अधिकारी कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. त्यानंतर आमच्याकडून फोन गेला की ते स्वतः उचलायचे. बाई आज सुखरूप आहे.

गळा दाबल्यावर पुष्कळदा बाहेर काहीच दिसत नाही. अमेरिकेतल्या 2008 च्या एका अभ्यासात, जोडीदारानं पूर्वी गळा दाबलेल्या स्त्रीचा पुढे खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त आढळला. स्त्री सोडून निघते तो काळही असाच जिवावरचा. या दोन गोष्टी तिन्ही खात्यांनी एकाच खोलीत, एकाच वेळी ऐकायला हव्यात.

आमचे तेव्हाचे वरिष्ठ याच्या विरोधात होते. "डॉक्टरांनी पोलिसांसमोर बसून शिकायचं नसतं, आपलं काम उपचाराचं," असं म्हणायचे. वेगळे वर्ग घ्या, शेवटी अर्धा दिवस ओळखीचा ठेवा, हा त्यांचा तोडगा. मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. अमेरिकेत डुलुथ शहरानं 1981 च्या सुमाराला पोलिस, न्यायालय आणि महिला संस्था यांना एका पद्धतीत बांधलं. ब्रिटनमध्ये कार्डिफला 2003 पासून सगळी खाती एकत्र बसून सर्वांत धोक्यातल्या प्रकरणांवर बोलू लागली. तिथल्या डॉक्टरांना कमीपणा आला नाही. उपचार म्हणजे टाके घालून त्याच घरी परत पाठवणं नव्हे.

दिवसांचं म्हणाल तर दोन सलग दिवस पुरतात, पण पुढे दर महिन्याला बैठक हवीच. बदल्या होतात, नवे लोक येतात, आणि ओळखीचा आवाज गेला की फोन पुन्हा टेबलावर वाजत राहतो. प्रकरणं खरी घ्या, प्रत्येकाला आपलीच नोंद मोठ्यानं वाचायला लावा.

एक राहिलं. एकत्र काम म्हणजे तिची सगळी माहिती सगळ्यांना, असं नाही. तिला विचारूनच द्यायची. जीव धोक्यात असेल तेव्हाचा नियम वेगळा, तो आधीच लिहून ठेवा. शिवाय प्रशिक्षणाला बसलेल्यांतही कुणी घरी मार खाणारं असतं, कुणी मारणारंही. म्हणून वर्गात कुणाला स्वतःचा अनुभव सांगायला लावू नका.