कागदाच्या सांध्यावरचे अर्धखांब

प्रश्न : देव्हाऱ्याच्या चौकटीला लावायला 60 मि.मी. व्यासाचे, दोन फूट लांबीचे सागवानी अर्धखांब हवेत. दोन पट्ट्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून त्या फेव्हिकॉलने चिकटवल्या, पण लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) टेलस्टॉक, म्हणजे मागच्या टोकाचा आधार, आवळताच सांधा टोकाला उकलला. त्यापेक्षा अख्खा खांब कातून करवतीने चिरला तर? (खानापूर)

उत्तर : चिरू नका. पातं 3 मि.मी. लाकूड खातं, 60 च्या खांबाचे दोन्ही तुकडे साडेअठ्ठावीसच भरतात आणि गोलाई चपटी दिसते. शिवाय गोल लाकूड पात्याखाली गरकन फिरतं, तिथे बोटं जातात.

कागदाची रीत योग्यच आहे : कातून झाल्यावर सांधा कागदाच्या रेषेत फोडला की दोन अर्धे सुटतात. तुमचा सांधा उकलला तो सेंटरमुळे, म्हणजे लाकडात रुतणाऱ्या टोकामुळे. टोकदार सेंटर बरोबर सांध्याच्या रेषेत घुसतो आणि पाचरीचं काम करतो. टेलस्टॉकला कप सेंटर लावा. त्याची गोल कड दोन्ही पट्ट्यांना बाहेरून धरते. हेडस्टॉकच्या (लाकूड फिरवणाऱ्या बाजूच्या) चार दात्यांपैकी एकही सांध्यावर येऊ देऊ नका, दाते तिरपे बसवा.

पट्ट्या 35 × 70 मि.मी.च्या, लांबी लागते त्यापेक्षा 80 मि.मी. जास्त. दोन्ही टोकांचे 40–40 मि.मी. वाया जाणारे समजा. तिथे कागद घालू नका, नुसता डिंक लावा आणि टोकापासून 25 मि.मी. आत, आधी भोक पाडून, 50 मि.मी.चा एकेक स्क्रू सांध्याला आडवा मारा. स्क्रू त्याहून टोकाजवळ घेतला तर सेंटरचं टोक त्याच्यावर आदळेल. डोकी लाकडात बुडवा आणि हा भाग चौकोनीच ठेवा, हत्यार तिकडे नेऊ नका.

मध्यबिंदू कर्ण काढून शोधू नका. पट्ट्यांच्या जाडीत थोडा जरी फरक असेल तरी कर्ण सांध्यावर मिळत नाहीत. सांध्याच्या रेषेचाच मध्य घ्या. आस 1 मि.मी. सरकली की एक अर्धा 31 आणि दुसरा 29 भरतो. देव्हाऱ्यावर समोरासमोर लावल्यावर ते लपत नाही.

सागवान तेलकट असतं, म्हणून रंधा मारल्याच्या दिवशीच चिकटवा. डिंक दोन्ही बाजूंना पातळ. जाड थर कागदात मुरून आरपार जातो, मग फोडताना कागदाऐवजी लाकूड उचकटतं. वॉटरप्रूफ डिंक नको. शिकंजे (क्लॅम्प) चोवीस तास राहू द्या. खानापूरच्या पावसात दोन दिवस. लाकूडही वाळलेलं हवं, नाहीतर अर्धे सुटे झाल्यावर बाक धरतात.

गोल होईपर्यंत मिनिटाला 600–700 फेरे, पुढे 1200 पर्यंत. तोंडावर शील्ड हवीच आणि सुरू करताना लाकडाच्या समोर उभं राहू नका. गळा 25 मि.मी.पेक्षा बारीक करू नका, फोडताना नेमका तिथेच तुटतो.

फोडण्याआधी दोन्ही टोकं कापून टाका, स्क्रू त्यांच्याबरोबर जातील. रुंद, धारदार पटाशी टोकाच्या कागदी रेषेवर ठेवा आणि लाकडी हातोडीने हलके ठोके द्या. फट दिसली की दुसऱ्या टोकाकडून. मधोमध पटाशी कधीच घालू नका. उरलेला कागद कोमट पाण्याने भिजवून खरवडा.

प्रश्न : शिवण लाकडाचे अर्धखांब फोडताना मण्यांच्या (कातलेल्या गोल उंचवट्यांच्या) कडा उडतात. (निपाणी)

उत्तर : लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) तिरपी निघालेली पट्टी आली असावी. लांबीला समांतर रेषेचंच लाकूड निवडा. कडा धारदार ठेवू नका, मण्याची कड किंचित गोल करा.

प्रश्न : कपाटाच्या बाहेरच्या कोपऱ्याला पाऊण खांब हवा. (बेळगाव)

उत्तर : 38 मि.मी. चौरसाचे चार तुकडे घ्या. तीन चांगले, चौथा टाकाऊ. दोन चांगले आपसात नुसत्या डिंकाने, तिसरा टाकाऊ तुकड्याला कागदाने. दोन्ही जोड्यांवर रंधा मारून त्या एकत्र करा : चांगल्याला चांगला नुसत्या डिंकाने, टाकाऊच्या बाजूला कागद. इथे चारही कोपरे आसेवर भेटतात, म्हणून तुकडे गुण्यात (काटकोनात) नसले तर कापलेला कोपरा कपाटावर बसत नाही. कातून झाल्यावर टाकाऊ तुकडा टोकाकडून पटाशीने मोकळा करा, दोन्ही कागदी रेषांवर आळीपाळीने ठोके देत.