‘४० टक्के अधिक खोल’ म्हणजे नेमके किती?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आम्ही दोघे मेलबर्नला राहतो. ओळखीतले काहीजण सुटीच्या दिवशी डनोली, मेरीबरो भागात सोने शोधायला जातात. दोनदा त्यांच्याबरोबर गेलो आणि गोडी लागली. आता स्वतःचा मेटल डिटेक्टर घ्यायचा आहे. जाहिरातीत तळहातावर मावणार नाही एवढे नगेट (सोन्याचा नैसर्गिक गोळा) आणि शेजारी ‘आधीच्या मॉडेलपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत अधिक खोल’ असे लिहिलेले असते. छंद म्हणून सोने शोधणारे लोक अशा जाहिराती खरेच मनावर घेतात का? आम्ही घ्याव्यात का?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : घेतात. मात्र नवखा एका गोष्टीला भुलतो आणि मुरलेला दुसरीला. नवख्याला नगेटचा फोटो ओढतो. दहा वर्षे रान तुडवलेल्या माणसाला फोटोचे काही वाटत नाही, कारण आपल्या डबीत काय जमते हे त्याला ठाऊक असते : बहुतेक वेळा ग्रॅमच्याही आतले खडे. त्याला छळतो तो वेगळाच विचार. ‘जी घळ मी जुन्या यंत्राने विंचरून काढली, तिथे अजून किती राहिले असेल?’ नव्या मॉडेलची जाहिरात नेमकी याच विचाराला हात घालते. आणि हा विचार खोटा नाही. १९९०च्या दशकात ‘पल्स इंडक्शन’ पद्धतीची (जमिनीत चुंबकीय झटके पाठवणारी) नवी सोनेशोधक यंत्रे आली, तेव्हा तुमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ‘संपल्या’ म्हणून सोडलेल्या जागांतून पुन्हा सोने निघाले. म्हणून जुन्या लोकांना भोळे समजू नका. प्रश्न एवढाच, की दाव्यातला आकडा तुमच्या जमिनीत, तुमच्या हातात किती उरतो.

आधी फोटोचे बघू. या धंद्यातला सर्वांत गाजलेला गोळा म्हणजे ‘हँड ऑफ फेथ’. १९८० साली व्हिक्टोरियातच किंगोवरजवळ केव्हिन हिलियर यांना तो गॅरेट कंपनीच्या डिटेक्टरने सापडला. वजन २७.२ किलो. पुढे लास व्हेगासच्या एका कसिनोने तो दहा लाख डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतला. डिटेक्टरच्या प्रसिद्धीसाठी याहून मोठे उदाहरण कुठले मिळणार? पण तो गोळा जमिनीखाली जेमतेम फूटभर होता. एवढे मोठे धातूचे ढेकूळ एवढ्या कमी खोलीवर असेल, तर आजचे स्वस्तातले यंत्रही ओरडेल. त्याआधी १८६९ मध्ये मोलिआगुलला ‘वेलकम स्ट्रेंजर’ सापडला, तोही पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरवर, डिटेक्टर नावाची वस्तू अस्तित्वात नसताना. मोठे नगेट जागेची महती सांगते. यंत्राची परीक्षा गव्हाच्या दाण्याएवढ्या खड्यावर होते.

आता ४० टक्के. कॉइलने (यंत्राच्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या, जमिनीवरून फिरवायच्या तबकडीने) पाठवलेले चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने विरळ होते, आणि खड्यातून परत येणारा प्रतिसादही तसाच विरळ होतो. दोन्ही मिळून, कॉइलपासून जरा दूरच्या लहान वस्तूसाठी ढोबळ नियम असा : अंतर दुप्पट झाले की संकेत ६४ पटींनी घटतो. याच हिशेबाने २५ सेंटिमीटरवरचा खडा ३५ सेंटिमीटरवर ऐकू यायचा, तर यंत्राला साडेसात पट क्षीण संकेत पकडावा लागेल. अशक्य नाही, पण ही मोठी झेप आहे. म्हणूनच जाहिरातीत ‘पर्यंत’ हा शब्द असतो. काही विशिष्ट वजनाच्या खड्यांसाठी, विशिष्ट मातीत, विशिष्ट सेटिंगवर ते साधते. सगळीकडे नाही.

शिवाय टक्केवारी कशाची, हे विचारा. दशांश ग्रॅमचा खडा जुन्या यंत्राला ५ सेंटिमीटरवर लागत असेल, तर ४० टक्के अधिक म्हणजे ७ सेंटिमीटर. फरक दोन सेंटिमीटरचा. आता नवखा माणूस कॉइल कशी फिरवतो ते पाहा : मधे जमिनीलगत आणि दोन्ही टोकांना झोपाळ्यासारखी वर. टोकाशी ती सहज चार-पाच सेंटिमीटर उचलली जाते. हजारो डॉलर मोजून घेतलेली खोली तिथेच वाऱ्यावर जाते. कॉइल जमिनीशी समांतर, एक-दोन सेंटिमीटरवर, डावीकडून उजवीकडे तीन-चार सेकंदांत, आणि प्रत्येक फेर आधीच्या फेराच्या निम्म्यावर चढलेला. हे जमेपर्यंत महागडे यंत्र आणि मध्यम यंत्र यांत तुम्हाला फारसा फरक कळणार नाही.

व्हिक्टोरियाची माती लोहखनिजांनी भरलेली आहे. यंत्राला ती मातीच धातूसारखी भासते. सतत एका वारंवारतेवर चालणारी ‘व्हीएलएफ’ यंत्रे बारीक सोन्याला तिखट असतात. फिशरचे ‘गोल्ड बग २’ ७१ किलोहर्ट्झवर चालते, माइनलॅबचे ‘गोल्ड मॉन्स्टर १०००’ ४५ वर. पण लालभडक मातीत ती कुरकुरतात आणि खोली गमावतात. पल्स इंडक्शनवाली यंत्रे झटका देऊन थांबतात, मातीचा प्रतिसाद विरू देतात आणि मग ऐकतात. त्यामुळे अशा लोहयुक्त मातीत ती खोल जातात. मात्र ऐकण्याआधीची ही उसंत लांबली, तर बारीक खड्याचा प्रतिसादही मातीबरोबर विरतो. जुनी पल्स यंत्रे बारीक सोने सोडून जात, त्याचे कारण हेच. ‘जीपीएक्स ६०००’सारख्या नव्या यंत्रांचा खरा फायदा इथे आहे : ती लवकर ऐकतात, म्हणून बारीक खडेही पकडतात. त्यासाठी काही हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मोजायची तयारी लागते.

जाहिरातीतल्या आणखी एका शब्दापासून सांभाळा : ‘लोखंड ओळखून वगळते’. उथळ खिळ्याच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरे आहे. पण खनिजयुक्त मातीत खोलवरचे सोने यंत्राला लोखंडासारखेच वाटू शकते. ज्याने यंत्रावर भरवसा ठेवून असे संकेत सोडले, त्याने चांगले खडेही सोडले. निदान पहिले वर्षभर प्रत्येक संकेत खणा. खिळे, बुटांच्या टाचांतले बारीक मोळे, बंदुकीचे छर्रे हेच ढिगाने निघतील. कुदळीच्या दांड्याला जोरकस चुंबक बसवून घ्या. निम्मा कचरा वाकण्याआधीच हाताला लागतो. संकेत खणलेल्या मातीच्या ढिगात आला, की माती प्लास्टिकच्या सुपडीत घेऊन कॉइलवरून फिरवा. वाजली तर निम्मी माती बाजूला काढा, पुन्हा फिरवा. चार-पाच वेळा निम्मे केले की खडा तळहातावर येतो. हातात धातूची अंगठी असेल तर तीच वाजत राहील.

विकत घेण्याआधी यंत्र एक दिवस भाड्याने घ्या आणि अशी परीक्षा करा. ०.२, ०.५ आणि १ ग्रॅमचे खडे प्लास्टिकच्या चकतीवर चिकटवा. सोने नसेल तर तेवढ्याच वजनाचे शिशाचे छर्रे चालतील. त्यांचा प्रतिसाद सोन्याच्या बराच जवळ जातो. नाणे वापरू नका. चपटी, मोठी, उत्तम वाहक अशी वस्तू कुठलेही यंत्र दुरून ओळखते, आणि विक्रेत्याच्या व्हिडिओत बहुधा तेच असते. वरून खड्डा खणून पुरलात, तर मोकळी झालेली माती खोटा निकाल देते. म्हणून बाजूने तिरपे भोक पाडून प्लास्टिकची नळी सारा आणि चकती तिच्यातून खाली ढकला. वरची माती जशीच्या तशी राहिली पाहिजे. मग ग्राउंड बॅलन्स करा (म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज दबेल असे यंत्र जुळवा) आणि त्याच जागी दोन यंत्रे फिरवून ऐका. जाहिरातीचे उत्तर पंधरा मिनिटांत मिळते.

आणि परवाना. व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ लागतो, तो दहा वर्षे चालतो. खणायचे ते हातातल्या अवजारांनीच. राष्ट्रीय उद्यानांत, मोजके अपवाद सोडले तर, बंदी आहे. खासगी जमिनीवर मालकाची संमती हवी, आदिवासी वारशाच्या खुणांना हात लावायचा नाही, आणि प्रत्येक खड्डा बुजवायचा. कोणती जमीन खुली आहे ते ‘जिओविक’ या सरकारी नकाशावर निघण्याआधी पाहा.

प्रश्न : बॅलरॅटजवळ आमचे कॅम्पिंगच्या सामानाचे दुकान आहे. यंदा मेटल डिटेक्टर भाड्याने द्यायला आणि विकायला सुरुवात केली. कंपनीची पोस्टर लावली, पण लोक बघतात आणि निघून जातात. छंद असलेल्यांना खेचील अशी जाहिरात कशी लिहावी?
— एक वाचक, बॅलरॅट

उत्तर : कंपनीच्या पोस्टरवरचे नगेट पश्चिम ऑस्ट्रेलियातले असेल, तर तुमच्या गिऱ्हाइकाला ते आपले वाटत नाही. इथल्या मातीबद्दल लिहा. ‘तांबड्या मातीत, पाव ग्रॅमचा खडा, अकरा इंची कॉइल, एवढ्या सेंटिमीटरवर’ अशी एक ओळ कुठल्याही चमकदार फोटोहून वजनदार ठरते. पण ती स्वतः मोजून लिहा. दुकानामागे वर सांगितल्याप्रमाणे नळ्या पुरून ठेवा, जवळ वीजवाहिनी नसलेली जागा निवडा, आणि येणाऱ्याच्या हातात यंत्र द्या. कानात हेडफोन घालून पहिला क्षीण सूर स्वतः ऐकला की माणूस भाव विचारतो.

वजन ठळक लिहा. या छंदात निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत. दोन किलोचे यंत्र आणि तीन किलोहून जड यंत्र यांतला फरक चौथ्या तासाला खांद्याला कळतो. जड यंत्रासोबत खांद्यापट्टा दाखवा. कॉइलच्या मापाचेही खरे सांगा : मोठी कॉइल मोठ्या आणि खोल खड्यांसाठी, लहान कॉइल बारीक आणि उथळ खड्यांसाठी, शिवाय झुडपांत लहानच फिरते. ‘मोठी म्हणजे चांगली’ असे सांगून विकलेली कॉइल महिन्याभरात परत येते आणि गिऱ्हाईक कायमचे जाते.

सर्वांत जास्त खेचणारी गोष्ट म्हणजे भाड्याची रक्कम खरेदीत वळती करून देणे आणि भाड्यासोबत दोन तासांचे शिकवणे. भाड्याने नेलेले यंत्र बहुतेकदा रिकाम्या हाताने परत येते, त्यात यंत्राचा दोष थोडा असतो. ग्राउंड बॅलन्स केलेले नसते, संवेदनशीलता पूर्ण चढवलेली असते आणि त्या किलबिलाटात खरा सूर बुडून जातो. शेजारी दुसरा डिटेक्टर चालू असेल, तर दोघांचा एकमेकांना त्रास होतो. पन्नासेक पावले लांब जायला सांगा. संवेदनशीलता आधी उतरवा आणि सूर शांत झाल्यावर एकेक पायरी चढवा, हे कागदावर छापून पेटीत ठेवा. ‘सोने नक्की सापडेल’ असे मात्र कधी लिहू नका.

प्रश्न : सोन्याचा शोध घेणारे मोबाइल ॲप खरे असते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. फोनमध्ये चुंबकमापक असतो, होकायंत्र त्यावर चालते. तो लोखंडाजवळ हलतो. सोने चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे फोनला ते दिसूच शकत नाही. ॲपमधली सोनेरी पट्टी वर गेली, तर जवळ खिळा किंवा सळई आहे.

प्रश्न : आमच्या भागात एका यंत्राची जाहिरात फिरते आहे. दोन अँटेनांचे यंत्र, ‘३० मीटर खोलीवरचे सोने, हिरे आणि पोकळी दाखवते’, किंमत काही लाख. गावातले चौघे वर्गणी काढून घ्यायच्या विचारात आहेत. त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : घेऊ नका, असेच सांगा, आणि लवकर सांगा. वरचा ६४ पटींचा हिशेब त्यांच्यापुढे मांडा. जगातली उत्तम यंत्रे ग्रॅमभराचा खडा हातभर खोलीवर शोधताना झगडतात. ३० मीटर म्हणजे दहा मजली इमारतीची उंची. हिरा तर धातूच नाही, तो मेटल डिटेक्टरला लागतच नाही. अँटेना म्हणवल्या जाणाऱ्या, हातात धरलेल्या सैल दांड्या नकळत मनगटाच्या हालचालीने फिरतात आणि माणसाला वाटते, यंत्राने दिशा दाखवली. अशा दांड्यांचा बाजार किती भयंकर होऊ शकतो ते जगाने पाहिले आहे. गोल्फचा चेंडू शोधायच्या खेळण्यावरून केलेले ‘एडीई ६५१’ इराकमध्ये बॉम्बशोधक म्हणून विकले गेले. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली.

विक्रेत्याला एकच अट घाला. गावाबाहेर एकसारखी दहा खोकी उपडी ठेवा, एकाखाली अंगठी. कुठे ठेवली हे विक्रेत्याला माहीत नको, आणि तिथे उभ्या असलेल्या कुणालाही नको. असे दहा वेळा करा, दर वेळी चिठ्ठी टाकून जागा बदला. निव्वळ अंदाजाने दहात एखादे बरोबर येते. यंत्र खरे असेल तर आठ-नऊ यायला हवीत. ही अट ऐकून जो ‘जमिनीत बरीच वर्षे असलेले सोनेच दिसते’ असे म्हणू लागेल, त्याला चहा पाजून निरोप द्या.

कायद्याचेही बोला. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लपवणे गुन्हा आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात खणणे हा वेगळा गुन्हा. ऑस्ट्रेलियासारखा छंदासाठीचा परवानाही आपल्याकडे नाही, खनिजांचा कारभार १९५७च्या खाण कायद्याखाली चालतो. झारखंडातल्या सुवर्णरेखा नदीच्या वाळूत लोक पिढ्यान्‌पिढ्या सोने धुतात, पण ते कणाकणाचे सोने आहे. डिटेक्टरला असे सुटे कण लागत नाहीत. तिथे लाकडी पाटीच कामाची. वर्गणी अजून दिली नसेल तर खोक्यांची परीक्षा येत्या रविवारीच ठेवा, आणि ती होईपर्यंत विक्रेत्याला इसार म्हणूनही एक रुपया देऊ नका.