वाचकांचे प्रश्न : फ्लामेंको बघायचं, पण जेवणासकट की नुसतं?

प्रश्न : ताई नमस्कार, मुलगा माद्रिदला शिकतोय, मे महिन्यात आम्ही दोघं आणि सासूबाई जाणार आहोत, माद्रिद आणि मग सेव्हिल. तो म्हणतोय एक रात्र फ्लामेंकोच्या, म्हणजे तिकडच्या पारंपरिक गाण्या-नाचाच्या, क्लबमध्ये शो आणि डिनर एकत्रच बुक करतो. ह्यांचंही तेच, एवढे पैसे घालायचे तर जेवून येऊया. पण सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, आणि कोल्हापूरच्या देवल क्लबच्या शास्त्रीय गाण्याच्या बैठकी ऐकत त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांना आवडेल का? काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अगं, सासूबाई देवल क्लबच्या श्रोत्या आहेत म्हणतेस ना, मग नुसतं शोचं तिकीट काढ, आणि जितकं पुढं मिळेल तितकं पुढं. बैठकीत पुढ्यात ताट घेऊन कोण बसतं?

मी पहिल्यांदा सेव्हिलमध्ये जेवणासकट तिकीट काढलं होतं. टेबल मिळालं खांबाआड, आणि गायकानं सूर लावला नेमका तेव्हाच वेटर प्लेटा घेऊन मधे आला, मी काटा हातात धरून मान वाकडी करून बघतेय आणि समोरचं सूप निवतंय. दुसऱ्या दिवशी दुसरीकडं गेले, तिकिटात फक्त एक ड्रिंक, आणि बसायला दुसरी रांग. तिथं दिसलं की नाचणारीच्या बुटांना चवड्याखाली आणि टाचेला बारीक बारीक खिळे ठोकलेले असतात, तो कडकडाट त्यांचा, आणि तिनं पाय आपटला की फळ्यांची थरथर आपल्या खुर्चीत येते. अशा जागेला तिकडं ताब्लाओच म्हणतात, ताब्ला म्हणजे फळी, त्यावरून.

सासूबाईंना एवढंच सांगून ठेव की नाच बघायला जातोय असं समजू नका, आधी गाणं ऐका. नाचणारी गायकाकडं कान लावून असते, तो कुठं थांबतो, कुठं उचलतो त्यावर तिचे पाय. आवाज खरबरीत असतो, गोड गळा शोधू नका म्हणावं. सोलेआ नावाचा प्रकार लागला तर मात्रा मोजायला सांग, 12 मात्रांचं आवर्तन आहे, पण एकतालाच्या हिशोबानं मोजलं तर चुकणार, कारण जोर येतो 3, 6, 8, 10 आणि 12 वर. एकदा ते सापडलं की त्या खुर्चीतून हलायच्या नाहीत बघ! आणि दाद मोकळेपणानं द्यायची, आपल्याकडं 'क्या बात है' तसं तिकडं 'ओले'. फक्त टाळ्यांचा ठेका धरू नका, त्या टाळ्या वाजवणारे कलाकार स्टेजवरच असतात, बंद हाताची वेगळी, खुल्या हाताची वेगळी, आपण मधे वाजवलं की त्यांची लय बिघडते.

आता जेवण. स्पेनमधे हॉटेलांची किचनं रात्री साडेआठ-नऊशिवाय सुरूच होत नाहीत, आणि सासूबाईंची जेवायची वेळ सात-साडेसातची असणार. म्हणून त्यांना मुलाच्या घरी वरणभात घालूनच निघा, संध्याकाळचा पहिला शो धरा, तासाभरात सुटतो, मग तुम्ही दोघं बाहेर निवांत जेवा. सेव्हिलमधे पालक आणि काबुली चण्याची एक भाजी मिळते, फार चांगली लागते, सासूबाईंनाही चालेल. पण तोर्तिया म्हटलं की अंडं, आणि सालमोरेहो हे टोमॅटोचं गार सूप दिसायला साधं असतं पण वर अंडं आणि डुकराचं हामोन भुरभुरलेलं. नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, सॅलडमधे ट्यूना मासा येऊ शकतो, त्यामुळं 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन ह्वेवो', म्हणजे मांस, मासा, हामोन, अंडं काही नको, हे मुलाकडून कागदावर लिहून घे आणि वेटरला दाखव.

ह्यांचा हट्टच असेल तर माद्रिदला कोर्राल दे ला मोरेरिया आहे, 1956 पासूनचं, तिथल्या रेस्टॉरंटला मिशेलिन स्टार मिळालाय, तिथं जेवणाला पैसे घालण्यात अर्थ आहे. पण बुकिंग करतानाच शाकाहाराचं विचारून घ्या.

प्रश्न : फ्लामेंको आपल्या कथकवरूनच गेलंय म्हणतात, खरं का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : अर्धंच खरं. स्पेनमधल्या जिप्सी लोकांचे पूर्वज वायव्य भारतातून निघालेले, त्यांच्या रोमानी भाषेवरून ते कळतं, आणि पंधराव्या शतकात ते स्पेनला पोचले. पण फ्लामेंको घडलं ते तिथं दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, स्थानिक गाणी, अरबी आणि ज्यू वळणं सगळं मुरून. पायांचं काम बघून आपल्याला कथक आठवतं हे मला कळतं, मलाही आठवलं होतं. पण तेवढ्यावरून थेट नातं जोडू नका, त्या लोकांनी सोसून घडवलेलं गाणं आहे ते, त्याचं श्रेय त्यांनाच द्यायला पाहिजे. तिथं खोक्यावर बसून वाजवतात ते काहोन तर पेरू देशातलं, पाको दे लुसिया या गिटारवादकानं 1970 च्या दशकात फ्लामेंकोत आणलं.