नदीत दरवर्षी बीज सोडूनही माशांची जनुकीय विविधता का घटते?

तुम्ही विचारलंय की तुमच्या भागात दरवर्षी नदीत मत्स्यबीज सोडतात, मासे वाढलेलेही दिसतात, मग धरणं, उन्हाळा आणि घाण पाण्यामुळे माशांची जनुकीय विविधता घटते असं का म्हणतात? मी इंदूरचा. बरीच वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि सुट्ट्या चोरल नदीकाठी, पुढे बडवाहला नर्मदेवर काढल्या. म्हणून उत्तर इथल्याच पाण्यावरून देतो.

मासे किती आहेत हा एक हिशेब आणि त्यांच्यात जनुकांची किती निरनिराळी रूपं आहेत हा दुसरा. पहिला वाढत असताना दुसरा घटू शकतो. चोरलचंच बघा. पावसाळ्यात दुथडी वाहते, मे महिन्यात तिचे सुटे सुटे डोह उरतात. समजा एका डोहात चार वर्षं दरवर्षी 1000 मासे विणीपर्यंत टिकले आणि पाचव्या वर्षी कडक उन्हाळ्यात 50च उरले. साधी सरासरी 810 येते. पण वर्षाला एक पिढी धरली, तर जनुकांच्या दृष्टीने ही वस्ती 208 माशांएवढीच भरते (इथे साधी नाही, हरात्मक सरासरी धरतात आणि तीत लहान आकड्याचं वजन जास्त), कारण पुढचे सगळे मासे त्या पन्नासांचेच वंशज. पुढच्या पावसाळ्यात डोह पुन्हा माशांनी भरतो, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं, पण त्या उन्हाळ्यात त्या डोहातून गेलेली रूपं नुसत्या विणीने परत येत नाहीत. ती परत आणतो पूर. पुरात डोह जोडले जातात आणि एकीकडे संपलेलं दुसरीकडून येतं. वाहत्या नदीची ही ताकद मला फार मोलाची वाटते.

आता महूजवळ पातालपानीला या. तिथे हीच चोरल सुमारे 300 फूट खाली कोसळते. वरचा मासा पुरासोबत खाली जाऊ शकतो, खालचा वर चढू शकत नाही. त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी माशांत याचा चांगला अभ्यास झालाय: धबधब्यांच्या वर विविधता कमी, खाली जास्त. तिथल्या तुरुरे नदीत धबधब्याच्या वर गप्पी नव्हतेच. 1957 साली तिथे दुसऱ्या खोऱ्यातले 200 गप्पी सोडले. काही दशकांनी पाहिलं, तर त्यांची जनुकं धबधब्याखालच्या मूळच्या गप्पींमध्येही पसरलेली होती. तुमच्या बीजाच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे, त्याकडे येतोच.

धरण म्हणजे माशांसाठी अचानक उभा राहिलेला धबधबाच. नर्मदेवर बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी रांग आहे. महाशीर, ज्याला आमच्याकडे बाडस म्हणतात आणि जो 2011 पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, तो पावसात वाहत्या, खडकाळ, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात चढून अंडी घालतो. बडवाहचे एक वयस्क कहार काका मला म्हणाले होते, "बाडस चलते पानी की मछली है, पानी खड़ा हो गया तो वो भी गई." धरणांनी नदीचे तुकडे झाले की एका लांबलचक वस्तीच्या अनेक छोट्या वस्त्या होतात आणि प्रत्येकीत वर सांगितलेला डोहाचा हिशेब सुरू होतो.

घाण पाण्याबद्दल थोडक्यात. ते सहन न होणारे मासे मरतात हे उघड आहे. पण आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात वेगळंच घडलं. शेवाळाने पाणी गढूळ झालं, माद्यांना नरांचे रंग नीट ओळखू येईनात आणि शेजारच्या जातींचा संकर होऊन त्या एकमेकींत मिसळू लागल्या. मासे होते, जाती मात्र पुसल्या गेल्या.

आता बीज. मत्स्यबीज केंद्रात 10 माशांपासूनच बीज काढलं, तर एका पिढीत सुमारे 5 टक्के विविधता जाते. 50 माशांपासून काढलं तर 1 टक्का. नदीत सोडलेली लाखो पिल्लं अशी भावंडंच असू शकतात. बीज परक्या नदीचं असेल तर आणखी वाईट. लोणावळ्यात वाढवलेले निळ्या पराचे महाशीर कावेरीत सोडले गेले, ते तिथे फोफावले आणि तिथला मूळचा कुबडाचा महाशीर जवळपास हद्दपार झाला. 2018 साली त्याची टॉर रेमादेवी अशी शास्त्रीय ओळख पटली, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त यादीत टाकायची वेळ आली होती.

म्हणून पुढच्या वेळी बीज सोडायला लोक आले की जनक मासे कुठल्या नदीचे होते आणि किती होते, हे जरूर विचारा. मूळच्या माशांचं बीज त्याच नदीचं, वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या पुष्कळ जनकांपासून काढलेलं असावं. आणि शक्य असेल तर गावाशी डोहांबद्दल बोला. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, पण डोहातल्या माशांची खरी नड त्याआधी, मे महिन्यात असते. तेव्हा पंप लावून उपसलेला एक डोह नंतर कितीही बीज सोडलं तरी भरून निघत नाही.