‘31 मार्चनंतर येऊ नका’ असं तोंडी सांगितलंय. 11 वर्षांच्या कंत्राटी नोकरीचे काही हक्क असतात का?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी कार्यालयात मी 11 वर्षांपासून डाटा एन्ट्री करते. आधी कार्यालयाचाच आदेश यायचा, गेली 4 वर्षं एजन्सीमार्फत 18 हजार मिळतात. आता ‘योजनेला निधी नाही, 31 मार्चनंतर येऊ नका’ म्हणतात आणि एका कागदावर सही मागतात. काय करू?

उत्तर:

ताई, पहिले तर त्या कागदावर सही करू नका.

मी याच रांगेतून गेलो आहे. विदर्भातल्याच एका तालुक्याला, एका योजनेत 9 वर्षं होतो. 2018 च्या मार्चमध्ये आम्हा तिघांना आत बोलावलं. थकलेलं दोन महिन्यांचं मानधन पाहिजे असेल तर ‘स्वखुशीने काम सोडत आहे’ असं लिहून द्या, म्हणाले. साहेब माणूस वाईट नव्हता. ‘करून दे न बाप्पा सही, जुलैत पाहू काही जमते का,’ असं घरच्यासारखं बोलला. दोघांनी केली. एकाच्या पोरीच्या लग्नाची तारीख निघाली होती, त्याला कोण दोष देईल? मी केली नाही, पण ते काही शहाणपण नव्हतं, त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं एवढंच. पुढे वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, ‘कुठं सही केली काय?’ त्या दोघांचं प्रकरण तिथंच बसलं.

केलेल्या कामाचा पगार आणि राजीनामा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एजन्सीने पगार बुडवला तर ज्या कार्यालयासाठी काम केलं, त्या मूळ मालकावर तो देण्याची जबाबदारी येते. कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्यात तसं होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या संहितेतही ते राहिलं.

आता मुख्य गोष्ट. पद गेलं की फक्त तुम्हाला काढलं, हे शोधून काढा. योजनाच गुंडाळली असेल तर लढाई नुकसानभरपाईची आहे. पण 1 एप्रिलला तुमच्याच खुर्चीवर दुसऱ्या एजन्सीचं पोरगं येऊन बसणार असेल, तर तुमची बाजू बरीच वजनदार होते. सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये हरियाणाच्या पियारा सिंग प्रकरणात सांगितलं होतं, की एका तात्पुरत्या माणसाला काढून त्याच्या जागी दुसरा तात्पुरता माणूस घेऊ नये, नियमित निवड झालेलाच घ्यावा. म्हणून आजच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि मागा: या कामासाठी किती पदं मंजूर आहेत, पुढच्या वर्षासाठी निधीची मागणी काय पाठवली, एजन्सीच्या कराराची प्रत, आणि एप्रिलपासून हे काम कोण करणार. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर गोलमोल आलं तरी जपून ठेवा, कोर्टात तेही कामाला येतं.

तोंडी सांगितलंय ना, मग तुम्ही ते लेखी करा. ‘आपण अमुक तारखेला मला असं सांगितलं, मी कामावर येण्यास तयार आहे, काढायचे असल्यास लेखी आदेश द्यावा’ एवढा चार ओळींचा अर्ज आवक-जावकला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. बाबू शिक्का मारत नसेल तर भांडत बसू नका, स्पीड पोस्टाने पाठवा. आणि 31 मार्चच्या आत हजेरीपटाचे फोटो, पहिल्या वर्षापासूनचे सगळे आदेश, बँकेचं पासबुक, ओळखपत्र, तुमच्या नावाचे पत्रव्यवहार, सगळं घरी आणा. 1 एप्रिलनंतर त्याच कार्यालयात तुम्हाला कोणी कपाटाला हात लावू देणार नाही. मला तर ‘हा इथं कधी होता?’ इथपर्यंत ऐकावं लागलं.

कायदा काय म्हणतो? आधीच्या 12 महिन्यांत 240 दिवस काम झालं असेल (पगारी रविवार आणि सुट्ट्याही यात धरतात), तर कामगाराला काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे 25-एफ कलमात होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, कलमाचा आकडा बदलला, पण ही तरतूद राहिली. तुमच्या हिशोबाने 11 वर्षांचे साधारण 99 हजार होतात.

पण समोरचा वकील लगेच म्हणणार, की ही कामगार कपात नाहीच, कराराची मुदत संपली. जुन्या कायद्यातही ती पळवाट होती, नव्यातही मुदतीच्या नोकरीला ती आहे. आपलं उत्तर असं, की 11 वर्षं तेच काम, तीच खुर्ची, आणि तुमच्याकडेही असेल तर, 11 महिन्यांच्या आदेशांमध्ये एक-दोन दिवसांचा मुद्दाम टाकलेला खंड. कायमचं काम करून घ्यायचं आणि माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवायचं, याला महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा म्हटलंय. माझं प्रकरण त्याच कायद्याखाली होतं. त्यात तक्रारीची मुदत 90 दिवस. तुम्ही कुठेही गेलात तरी हे 90 दिवस डोक्यात ठेवा.

नोकरीत कायम होण्याची आशा मी दाखवणार नाही. नियमित निवडीशिवाय घेतलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या उमादेवी निकालात म्हटलं, तेव्हापासून तो रस्ता अरुंद झाला. डिसेंबर 2024 मध्ये जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उमादेवीच्या आडून जुन्या माणसांना डावलण्यावर कडक शब्द वापरलेत, त्याने थोडी हवा आली आहे. तरी माझं सांगतो: चार वर्षं तारखा झाल्या, शेवटी लोकअदालतीत रक्कम घेऊन मिटवलं. खुर्ची परत मिळाली नाही.

पीएफचा पासबुक यूएएन (पीएफ खात्याचा 12 आकडी नंबर) टाकून आजच पाहा. कापलेला आणि भरलेला आकडा जुळतो का? 10 वर्षं भरणा असेल तर 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क आहे. कमी भरला असेल आणि पुढे दुसरीकडे लागण्याची शक्यता असेल, तर पेन्शनचे पैसे काढून टाकण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या, म्हणजे आधीची वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. ग्रॅच्युइटीला सहसा 5 वर्षं सलग लागतात आणि एजन्सी बदलली की ‘आमच्याकडे तर चारच वर्षं’ म्हणतात, तेव्हा आधीचे कार्यालयाचे आदेश दाखवा.

वाचणारा कोणी कायम कर्मचारी असेल तर त्याची गोष्ट वेगळी. राज्य सरकारच्या माणसाला राज्यघटनेच्या 311 कलमाचं संरक्षण आहे, सहसा चौकशीशिवाय बडतर्फी नाही. तो नागपूरच्या मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जातो, जिल्हा परिषदवाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचं समायोजन होतं, वैताग होतो पण पगार राहतो. तुमच्यामागे तेवढी भिंत नाही.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा कायद्यात महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा, अर्ज मराठीत चालतो. जाताना एका कागदावर फक्त तारखा लिहून न्या: पहिला आदेश, प्रत्येक खंड, एजन्सी कधी आली, तोंडी कोणी आणि कधी सांगितलं. माझ्या वकिलाने दीड तास तेवढंच विचारलं होतं आणि मला निम्म्या तारखा आठवत नव्हत्या.