फुटीर, विभक्त की सार्वभौम?

प्रश्न असा आला आहे: ‘कॅनडातल्या फ्रेंच भाषक क्यूबेक प्रांतात पार्ती केबेक्वा नावाचा पक्ष आहे. मराठी बातम्यांत त्याला "फुटीरतावादी" म्हणतात, हिंदीत "अलगाववादी". मराठीत नेमका शब्द कोणता? आणि क्यूबेकच्या विधानसभेचा उल्लेख "राष्ट्रीय सभा" असा वाचला, ती भाषांतरातली चूक आहे का?’

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. ती चूक नाही. क्यूबेकच्या कायदेमंडळाचं नावच १९६८ च्या अखेरीस ‘राष्ट्रीय सभा’ असं ठेवलं गेलं. २४ जूनला तिथे ‘राष्ट्रीय सण’ असतो, तो क्यूबेकचा. कॅनडाचा दिवस त्यानंतर आठवड्याभराने, १ जुलैला येतो. देशाची राजधानी ओटावा, पण क्यूबेक शहराच्या परिसराचं सरकारी नाव ‘राष्ट्रीय राजधानी’. हे ‘राष्ट्र’ म्हणजे एक भाषा, एक आठवण आणि एक मुलूख असलेला समाज. आपल्याला हा अर्थ परका वाटायचं कारण नाही. आपल्या राज्याच्या नावातच ‘राष्ट्र’ आहे, आणि घाटावरच्या मुलखाला आपण आजही ‘देश’ म्हणतो. कोकणातला माणूस ‘देशावर’ जातो, तेव्हा तो भारताबाहेर जात नाही.

कॅनडाच्या संसदेलाही अखेर हे मान्य करावं लागलं. २७ नोव्हेंबर २००६ रोजी कॉमन्स सभागृहाने ‘केबेक्वा हे एकसंध कॅनडाअंतर्गत एक राष्ट्र आहेत’ असा ठराव २६५ विरुद्ध १६ मतांनी संमत केला. ठरावाच्या इंग्रजी मसुद्यातही ‘केबेक्वा’ (म्हणजे ‘क्यूबेकचे’) हा फ्रेंच शब्द तसाच ठेवला होता. त्यामुळे हे राष्ट्र म्हणजे प्रांतातले सगळे रहिवासी की फक्त फ्रेंच भाषक, हा वाद मोकळाच राहिला. आंतरशासकीय व्यवहारांचे मंत्री मायकेल चाँग यांनी याच ठरावावरून मंत्रिपद सोडलं. एका शब्दापायी मंत्री पायउतार झाला, म्हणून त्या शब्दाचं मराठी करताना घाई करू नये असं मला मनापासून वाटतं.

आता ‘कॅनेडियन’ या शब्दाची कथा पाहा. मला ती या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. मुळात ‘कानादियँ’ म्हणजे सेंट लॉरेन्स नदीकाठचे फ्रेंच शेतकरी. इंग्रजी बोलणारे बराच काळ स्वतःला ब्रिटिशच समजत. पुढे त्यांनीही तेच नाव घेतलं, तेव्हा मूळ धन्यांना स्वतःच्या नावाला शेपूट जोडावं लागलं: ‘फ्रेंच कॅनेडियन’. १९६० च्या दशकात त्यांनी तेही टाकलं आणि ‘केबेक्वा’ म्हणवून घेऊ लागले. राष्ट्रगीताचंही तसंच. ‘ओ कानादा’ १८८० मध्ये फ्रेंचमध्ये रचलं गेलं. इंग्रजी गीत मागाहून आलं, आणि ते त्याचं भाषांतर नाही. फ्रेंच गीतातल्या तलवार आणि क्रूस यांचा इंग्रजी गीतात मागमूस नाही. एकाच चालीवर दोन भाषक दोन वेगळ्या गोष्टी गातात. सगळ्या कॅनडाची मिळून अशी राष्ट्रभावना तिथे पातळ का, याचं उत्तर मला याच्यात दिसतं. घर एक आहे, पण दारावरची पाटी कुणाच्या नावाची हे कधी मिळून ठरलंच नाही. १९६२ च्या निवडणुकीत क्यूबेकचे तेव्हाचे सरकारप्रमुख जाँ लेसाज यांची घोषणाही घराचीच होती: आपल्या घरात मालक आपणच. वीज कंपन्या प्रांताच्या ताब्यात घेण्यासाठी ती निवडणूक लढवली गेली.

आता ‘फुटीर’. मराठीत हा शब्द आपण सहसा कुणाला लावतो? फुटीर आमदार, फुटीर गट. ज्याने शब्द दिला होता, ज्याच्या हाती पक्षाचा झेंडा होता आणि जो ऐन वेळी पलीकडे गेला, तो फुटीर. शिवाय कानाला जवळ बसलेला ‘फितूर’ आहे. व्युत्पत्ती वेगळी, तो अरबी-फारसीतून आलेला, पण ऐकणाऱ्याच्या मनात दोघांची सावली एकमेकांवर पडते. १९७० मध्ये क्यूबेकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एका बंदूकधारी गटाने प्रांताचे मंत्री प्येर लापोर्त यांचं अपहरण करून खून केला. त्या गटाला काय म्हणायचं ते म्हणा. पण रने लेव्हेक यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेला पार्ती केबेक्वा हा पक्ष मतपेटीच्या वाटेनेच चालला: १९७६ ला सत्ता, १९८० ला सार्वमत, हरल्यावर पराभव मान्य. त्यांना ‘फुटीर’ म्हणणं म्हणजे बातमी देता देता निकालही देऊन टाकणं.

क्यूबेकमध्येही शब्दांची ही ओढाताण आहे. ‘सेपारातिस्त’ हे विरोधकांनी दिलेलं नाव. चळवळीतले लोक स्वतःला ‘सुव्हरेनिस्त’ म्हणजे सार्वभौमत्ववादी म्हणवतात, आणि त्यांच्यातले कडवे ‘अँदेपाँदाँतिस्त’ म्हणजे स्वातंत्र्यवादी. मधला शब्द निवडण्यात हिशेब होता. १९८० च्या मतपत्रिकेवरचा प्रश्न शंभरहून अधिक शब्दांचा, आणि मागणी ‘सार्वभौमत्व-सहयोगा’ची वाटाघाट करण्याच्या अधिकाराची: कायदे आणि कर आपले, चलन कॅनडाशी सामाईक. सुमारे ६० टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. ३० ऑक्टोबर १९९५ च्या दुसऱ्या सार्वमताच्या प्रश्नातही ‘देश’ हा शब्द नव्हता, ‘भागीदारी’ हा होता. ९३ टक्क्यांवर मतदान झालं आणि ‘नाही’ची बाजू ५०.५८ टक्क्यांनी, सुमारे ५४ हजार मतांनी तरली. ‘होय’ म्हणूनही आपण कॅनडातच राहू, असं समजणारे मतदारही होते. म्हणूनच संघराज्याने २००० मध्ये कायदा केला की पुढच्या वेळी प्रश्न स्पष्ट हवा.

हाच सैलपणा आपल्या ‘स्वतंत्र’मध्ये आहे. ‘स्वतंत्र विदर्भ’ म्हणताना आपल्याला वेगळं राज्य अभिप्रेत असतं, वेगळा देश नव्हे. म्हणून ‘स्वतंत्र क्यूबेक’ वाचणाऱ्या मराठी माणसाची दिशाभूल होऊ शकते. प्रांत तर ते आहेच.

‘विभक्ततावादी’ कुणी सुचवेल. त्यात दूषण नाही, पण तो कौटुंबिक आहे. भाऊ विभक्त होतात, चुली वेगळ्या होतात, नातं राहतं. ‘सवता सुभा’ हा माझा लाडका शब्द. गंमत म्हणजे सुभा म्हणजे मुळात प्रांतच, वरच्या सत्तेच्या हाताखालचा. लेव्हेक यांच्या अर्ध्या तुटलेल्या, अर्ध्या जोडलेल्या कल्पनेला तो छान बसतो. मात्र ‘सवता सुभा मांडला’ यात आपल्याकडे नापसंतीचा सूर असतो, म्हणून बातमीत नको. ‘अलगाववादी’ हिंदीलाच राहू द्यावा.

कॅनडाच्याच अल्बर्टा प्रांतातल्या वेगळं होण्याच्या चळवळीलाही मराठीत हेच ‘फुटीर’ लेबल लागतं. तिथे भाषेचा प्रश्नच नाही. तेलाचा पैसा आणि ओटावाची धोरणं हे तिथलं दुखणं. एकच शब्द दोघांना चिकटवला की हा फरक पुसला जातो.

गेल्या वर्षी मॉन्ट्रियलला भाचीकडे गेलो होतो. पहिल्याच चौकात लाल अष्टकोनी पाटी दिसली. भाचीने वाचून दाखवलं, ‘अरे’. मी दचकून तिच्याकडे पाहिलं, मला वाटलं हाक मारते आहे. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘थांबा’. खुद्द फ्रान्समध्ये त्याच पाटीवर इंग्रजी ‘स्टॉप’ असतं. सात समुद्रांपलीकडे राहून, आजूबाजूला इंग्रजीचा महासागर असताना, जे लोक फ्रान्सपेक्षाही कसोशीने फ्रेंच जपतात, त्यांच्यासाठी मला ‘फुटीर’ हा शब्द लिहवत नाही.

मी लिहीन ते असं: पक्षासाठी ‘सार्वभौम क्यूबेकवादी’, ‘विदर्भवादी’च्या धर्तीवर, आणि मागणीसाठी ‘क्यूबेकच्या सार्वभौमत्वाची मागणी’. विरोधकांचं वाक्य उद्धृत करताना ‘फुटीरतावादी’ जरूर लिहा, पण अवतरणचिन्हांत, आणि तसं कोण म्हणालं ते सांगून.